माहेरचं तट्टू

आमच्या घरात सध्या घोड्यांवरून जितकी भांडणं होतात, तितकी शेताच्या बांधावरून कधी झाली नव्हती. गोठ्यात एक घोडी आणि दोन तट्टं बांधलेली आहेत. सासरे सकाळचा चहा घेताना मोबाइलवर परदेशातले आडदांड घोडे बघत बसतात आणि कपात साय धरली तरी त्यांना पत्ता नसतो. सासूबाई जेवायला वाढता वाढता खुरांच्या तब्येतीवर बोलतात. नवरा दरसाल सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला “नुसतं बघायला” जातो, आणि नुसतं बघून तो अजून तरी कधी परत आलेला नाही.

हे घर मुळात केळीचं. थोडा कापूस, थोडा हरभरा, बाकी सगळी केळी, आणि औताला बैल. घोडा म्हणजे नवरदेवाला मिरवायला भाड्यानं आणायची वस्तू, एवढीच इथली समजूत. मी तर त्याहून कोरी. माझे वडील कागदाच्या मिलमध्ये होते. मिलच्या क्वार्टरमध्ये भोंग्यावर उठायचं आणि भोंग्यावर जेवायचं. जनावरं म्हणजे कॉलनीतली कुत्री तेवढी माहीत. लग्न होऊन बुऱ्हाणपूरजवळ तापीकाठच्या या मळ्यात आले तेव्हा बैलाच्या पुढून जायचं की मागून, हेही मला ठाऊक नव्हतं. बैलाच्या मागून जावं आणि घोड्याच्या पुढून, हे आता मी झोपेतही सांगेन. यातलं दुसरं सासऱ्यांनाही फार उशिरा कळलं.

सुरुवात चिखलात झाली. घड उतरवायचे दिवस होते, बागेत ओल होती आणि ट्रॅक्टर बांधाजवळच रुतून बसला. मजूर घड डोक्यावर घेऊन सडकेपर्यंत खेपा घालत होते. वाटेत घड घसरत होते, केळ्यांना डाग पडत होते, आणि व्यापारी प्रत्येक डागावर बोट ठेवून तोंड वाकडं करत होता. त्या दिवशी जेवताना नवऱ्यानं सगळ्यांपुढे मोबाइल धरला. त्यात बर्फाच्या मुलखातला एक घोडा होता. पायांना झालरीसारखे केस, मान आमच्या दारात मावणार नाही एवढी उंच. तो एकटा भलामोठा ओंडका ओढत झाडाझाडांतून चालला होता आणि एक फांदी मोडत नव्हता.

“देखो, असं पाहिजे आपल्याला,” नवरा म्हणाला. “दोन ओळींच्या मधून आरामात जाईल.”

“हे बागीत शिरलं तं बाग उरीन का?” सासरे म्हणाले. “चारा जाऊ दे, घराचं छप्पर खाईन हे.”

सासूबाई त्या घोड्याच्या गळ्याकडे टक लावून बघत होत्या. गळ्यात जाडजूड गोल पट्टा होता. “पाह्य व,” त्या मला म्हणाल्या, “ही तं चुंबळच हाये.” डोक्यावर घागर किंवा केळीचा घड घ्यायचा तर खाली कापडाचं वेटोळं ठेवतात, ती चुंबळ. सासूबाईंचं सगळं आयुष्य चुंबळीवर गेलेलं. एवढ्या थोराड जनावरालाही ओझं ओढायला चुंबळ लागते, याचं त्यांना फार बरं वाटलं असावं. मोबाइल त्यांनी परत मागून घेतला.

इथं सासूबाईंच्या माहेराविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. त्यांचं माहेर असीरगडाच्या वाटेवर; अंगणात उभं राहिलं की समोर किल्ला दिसतो. तिथं त्यांचे एकुलते एक थोरले भाऊ राहतात, म्हणजे आमचे मामा. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात आणि आखाजीला सासुरवाशीण माहेरी जाते. दिवाळी एक वेळ हुकेल, आखाजी नाही. पण जायचं ते माहेरून कुणी न्यायला आलं तरच. या न्यायला येणाऱ्याला मुराळी म्हणतात. लग्न झाल्यापासून दर आखाजीला मामा स्वतः मुराळी होऊन यायचे. पुढे ते एकदा घरातच पाय घसरून पडले, कमरेचं हाड मोडलं, आणि काठी टेकत अंगणापुरते उरले. मोटरसायकलवर टांग टाकता येईना, जीपची पायरी चढता येईना. मुलं सुरतेला. मुराळी यायचा थांबला, तसं सासूबाईंचं माहेरही थांबलं.

मोटरसायकलनं फार तर तासाभराची वाट. आम्ही किती वेळा म्हणालो, चला, सोडतो. त्यावर ठरलेलं उत्तर: “बिनबोलावता? मी काय वसुलीले चालली का?” मामांचा फोन यायचा, ये व बाई. तर या म्हणायच्या, “फोनवर मुराळी येत असतो का कधी?” तिकडे मामाही काही कमी नव्हते. दुसऱ्या कुणाला पाठवा म्हटलं तर म्हणायचे, “बहीण माझी, अन् आणाले दुसराच जाईन?” दोघांचाही ताठा एकाच आईच्या दुधातला. आखाजीच्या दिवशी सासूबाई खापरावर मांडे करायच्या आणि पहिला मांडा उतरवला की उगीच दाराकडे बघायच्या. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांच्यासाठी जीवही तुटायचा. यातलं एक जण गेलं, की दुसऱ्यानं हा ताठा कुणाला दाखवायचा, असं मी एकदा नवऱ्याला बोलूनही दाखवलं. त्यालाही तीच भीती होती.

तट्टू आलं ते मामांकडूनच. मेंढरं घेऊन फिरणारे धनगर दरसाल मामांच्या शेतात खतासाठी कळप बसवायचे. एका वर्षी त्यांचं सामान वाहणारं एक तट्टू लंगडायला लागलं, ते मामांच्या दारात सोडून गेले. मामांनी शेक देऊन, लेप लावून त्याचा पाय बरा केला. भाच्याला घोड्याचं वेड लागलंय हे फोनवर कळलं, तसं त्यांनी तट्टू पिकअपमध्ये चढवून धाडून दिलं. सोबत निरोप होता, “माझ्यापेक्षा चांगलं चालतं. घेऊन टाका.”

नवऱ्याच्या डोळ्यांपुढे बर्फातला घोडा. पिकअपमधून उतरलं ते त्याच्या छातीएवढं, तांबूस, पोट सुटलेलं, कपाळावरचे केस डोळ्यांवर आलेलं एक तट्टू. उतरल्या उतरल्या त्यानं तुळशीचा शेंडा खाल्ला. सासरे बाजेवरून उठलेसुद्धा नाहीत. तिथूनच म्हणाले, “बाकीचं मागून येऊ राह्यलं का?”

सासूबाईंनी मात्र त्याच्या पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. “हसू नका,” म्हणाल्या, “माहेरचं हाये ते.” 

मग आम्ही सगळे कामाला लागलो. सासूबाईंनी मोबाइल पुढ्यात ठेवून गळ्यातली चुंबळ केली. पहिली पेंढा भरून केली, ती तट्टानं खाल्ली. दुसरी जुन्या लुगड्यांची केली, ती टिकली. पट्टे आणायला मी आणि नवरा बुऱ्हाणपुरात इतवाऱ्याच्या बाजारात गेलो. दुकानदारानं विचारलं, “बारात का है या टाँगे का?” नवरा म्हणाला, “केले ढोने का.” दुकानदारानं आमच्याकडे एकदा बघितलं आणि पट्टे मुकाट्यानं बांधून दिले. गाडी वेल्डिंगवाल्याकडून करून घेतली. घड अलगद ठेवता यावेत म्हणून तिची फळी गुडघ्यापेक्षाही खाली घेतली होती. ती बघून सासरे म्हणाले, “ही गाडी हाये का पाट?”

जुंपायच्या दिवशी अर्धा गाव बांधावर. तट्टू जुंपून घेताना शहाण्यासारखं उभं राहिलं, आणि मग उभंच राहिलं. नवऱ्यानं लगाम हलवला, चुचकारलं, हिंदीतून समजावलं. नंतर तो मोबाइल काढून त्यात अडलेल्या घोड्यावर उपाय शोधायला लागला. सासऱ्यांना ते बघवेना. त्यांनी जन्मभर बैल हाकले होते, आणि बैल अडला की शेपूट पिरगाळायचं, हे त्यांच्या डोक्यापेक्षा हातालाच जास्त माहीत होतं. “सरक, त्यात नाय सापडत ते,” म्हणत ते मागच्या अंगानं गेले आणि तट्टाचं शेपूट धरून त्यांनी सणसणीत पिळलं.

पुढचं कुणालाच नीट दिसलं नाही. सासरे पाण्याच्या पाटाच्या कडेला ओल्या मातीत बसलेले होते, टोपी केळीच्या पानावर, आणि धोतरावर खुराचा स्वच्छ ठसा. तट्टू मात्र होतं तिथंच उभं. शेजारच्या मळ्याचा राखणदार बांधावरून म्हणाला, “काका, घोड़े की पिछाड़ी कभी नहीं जाना।”

“अब बता रहा है?” सासरे ओरडले.

लोक हसले. मी तोंडात पदर कोंबला. पण सासऱ्यांची मांडी काळीनिळी झाली होती आणि मनाला लागलेलं त्याहून जास्त होतं. रात्री जेवताना ते ताटाकडे बघतच म्हणाले, “आखाजीपर्यंत हे जनावर ज्याचं त्याच्या दारी गेलं पाहिजे.” आमच्याकडे सासरे ओरडले तर त्याला कुणी भीक घालत नाही. ते हळू बोलले की मात्र ते ठरलेलं असतं.

सासूबाईंचा चेहरा उतरला. माहेरून आलेली वस्तू परत पाठवायची, म्हणजे भावाच्या तोंडावर मारल्यासारखंच. आधीच येणं-जाणं बंद, त्यात हे. त्या रात्री त्यांनी भांडी जरा जास्तच जोरात घासली. मला वाटलं, आता फोनही बंद होणार. सकाळी चहा झाल्यावर त्या सासऱ्यांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

“देते पाठवून,” म्हणाल्या. “पण पिकअपमध्ये कोंबून नाय. त्याले गाडीले जुंपून, चालवत नेऊन देईन. मी स्वतः.”

“तुले कुठं हाकता येते गाडी?”

“शिकीन.”

“अन् कधी जाशीन?”

“आखाजीले,” सासूबाई म्हणाल्या, आणि लगेच बोट वर केलं. “मी माहेरी चालली असं कोणी समजू नका. मी जनावर पोचवाले चालली.”

नवऱ्याला काहीच उमगलं नव्हतं. तो म्हणायला लागला, आई, टेन्शन नको घेऊ, पिकअपवाला आपलाच आहे. मी त्याला ओढत स्वयंपाकघरात नेलं आणि समजावून सांगितलं. मुराळ्याशिवाय माहेरी जाता येत नाही, पण भावाचं जनावर भावाच्या दारी सोडायला जायला कुणाची परवानगी लागते? माझ्या सासूला भांडी घासता घासता हे सुचलं होतं. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मी त्यांना दुसरा चहा करून दिला.

आता प्रश्न शिकण्याचा. सासूबाईंनी आयुष्यात सायकलसुद्धा चालवलेली नव्हती. आणि तट्टू का अडतं ते कळत नव्हतं. ते शेवटी अपघातानंच कळलं. मी गवताचा भारा घेऊन त्याच्यापुढून घराकडे निघाले, तर गाडीसकट ते माझ्यामागं चालायला लागलं. मी थांबले की ते थांबे. धनगरांचं जनावर, सगळा जन्म कळपाच्या मागून चालण्यात गेलेला. पुढे कुणी नाही तर आपण कुठं जायचं, हा त्याचा सरळ प्रश्न होता. मग काय, मिलच्या कॉलनीत वाढलेली, बी.कॉम. झालेली मी, रोज सकाळी मेंढरू होऊन पुढे चालायची. मागून गाडीत सासूबाई, पदर खोचलेला, दोन्ही हातांत लगाम. “हळू चाल व, ते दमलं,” असं त्या मला ओरडायच्या. मी दमले का, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.

हळूहळू मी बाजूनं चालायला लागले, मग मागून, आणि एके दिवशी बांधावर उभी राहिले तर गाडी मला सोडून सरळ पुढे निघून गेली. सासूबाईंनी केळीच्या शेवटच्या ओळीपाशी वळण घेतलं आणि परत आल्या. तोंडावर हसू मावत नव्हतं. पंधरवड्यात त्या घड भरून सडकेपर्यंत नेऊ लागल्या. खाली केळीची पानं अंथरलेली, त्यावर घड निजवलेले. व्यापारी डाग शोधून शोधून कंटाळला.

सासरे बाजेवरून दुसरीकडे तोंड करून बसायचे. पण एकदा सासूबाईंचं वळण चुकलं तसे ते तिकडून ओरडले, “डावा लगाम ढिला सोड! डावा!” सगळे थबकले. बैलाला कासरा असतो. हे लगामाचं त्यांना कुठून कळलं? नवऱ्यानं गुपचूप त्यांचा मोबाइल उघडून बघितला. त्यात नुसते घोडेच घोडे होते.

आखाजीला आम्ही उजाडतानाच निघालो, कारण नंतर ऊन तापतं. सासूबाई पुढे, त्यांच्याशेजारी मी, आणि मागं नवरा मोटरसायकलवर. सासऱ्यांनी तट्टाच्या पोटाचा पट्टा स्वतः तपासला, एक भोक सैल केला. “उतारावर ओढून धर,” एवढंच बोलले. तट्टू परत करण्याविषयी त्यांनी चकार शब्द काढला नाही, पण एकदा बोललेला शब्दही मागे घेववेना. पुरुषांना मागे फिरायला वाट करून द्यावी लागते, ती त्या वेळी कुणाला सुचली नाही.

मोठी सडक टाळून आम्ही शेतांमधल्या रस्त्यानं गेलो. वाटेत जो भेटेल तो थांबून बघायचा. पोरं फोटो काढायची. दूधवाले, पाणी धरायला निघालेले लोक विचारायचे, “अम्मा, कहाँ चली?” आणि सासूबाई प्रत्येकाला ठासून सांगायच्या, “घोड़ा वापस करने!” कुणी नाही विचारलं तरी सांगायच्या. किल्ला दिसायला लागला तशा त्या गप्प झाल्या. मग पदरानं तोंड पुसलं, केस सारखे केले. मी हळूच विचारलं, “आई, भीती वाटते का?” तर म्हणाल्या, “मले ओळखीन ना तो?” इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी असलं काही ऐकलेलं नव्हतं. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

मामा अंगणात खुर्चीवर बसले होते, काठी मांडीवर. गाडी थेट त्यांच्यापुढे थांबली. सासूबाई खाली उतरल्या नाहीत. वरूनच म्हणाल्या, “भाऊ, हे तुझं जनावर घे. आमच्या घरात यानं लाथा मारल्या.”

मामा तट्टाकडे बघेनात. ते बहिणीच्या हातातल्या लगामाकडे बघत होते. किती वाळले होते ते. “तुले आणलं कोणं?” त्यांनी विचारलं.

“कोणी नाय. मीच हाकत आली.”

“तू?”

“मंग काय शेजारीण?”

मामा हसायला लागले, हसता हसता रडायला लागले, आणि काठी खाली पडली. सासूबाई उतरून धावल्याच. मग दोघांनी मिळून जे रडून घेतलं, त्यात आम्हाला जागा नव्हती. नवरा तट्टाला पाणी पाजत राहिला, मी गाडीतून सांजोऱ्यांचा डबा काढत राहिले, आणि मामी चुलीपाशी बसून नाक ओढत मांडे भाजत राहिल्या.

दुपार आमरसात गेली. दोघं भावंडं लहानपणच्या एका चिंचेच्या झाडावरून भांडली, कारण ते विहिरीच्या अलीकडे होतं की पलीकडे हे ठरेना. आता गंगेत घोडं न्हालं, असं मी मनाशी म्हणत होते. मग ऊन उतरलं आणि निघायची वेळ झाली. तट्टू तर परत केलेलं. सासूबाईंनी पिशवी उचलली आणि नवऱ्याच्या मोटरसायकलकडे चालायला लागल्या. मान खाली होती.

“कुठं चालली?” मामा म्हणाले.

“घरी.”

“अशी? एकटी? आखाजीची बहीण माहेरून एकटी जात असते का?” मामा काठी टेकून उभे राहिले. “आणाले मी आलो नाय. पोचवाले तरी येतो. जुंप रे ते माझं तट्टू.”

मामी हां हां म्हणत पुढे आल्या. मामांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. ते एक एक पाऊल टाकत गाडीपाशी गेले. त्या फळीकडे बघितलं, तिच्याकडे पाठ केली आणि खाटेवर टेकावं तसे टेकले. मग आधी चांगला पाय, नंतर दोन्ही हातांनी उचलून तो दुखरा. आणि ते गाडीत होते. कुणीही हात लावला नव्हता. ज्या अंगणाबाहेर ते इतकी वर्षं पडले नव्हते, त्याचं फाटक मामींनी धावत जाऊन उघडलं.

“दे इकडे लगाम,” मामा म्हणाले. “आजवर मीच नेलं-आणलं तुले.”

“म्हणून तं आता तू मागं बस,” सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी तट्टाला चुचकारलं.

मामा आमच्या मागं आडवे बसले होते, दुखरा पाय पुढं पसरून. गावातून जाताना ते ज्याला त्याला ओरडून सांगत होते, “बहिणीले पोचवाले चाललो!” गाव मागं पडलं तसा त्यांचा आवाज थांबला. सासूबाईंनी वळून पाहिलं नाही. मला मात्र शेजारून दिसत होतं. त्यांनी लगाम एकाच हातात धरला होता, आणि दुसरा हात मागं नेऊन भावाच्या गुडघ्यावर ठेवला होता. तो त्यांनी तापीचं पाणी दिसेपर्यंत काढला नाही.